उपाशी लोकर

बिरप्पाअण्णा लोकर आधी ऐकत आणि मग बघत. मेंढीच्या अंगावरून कातरलेली बोटभर जाडीची बट दोन्ही टोकांना चिमटीत धरायची, ताणायची, कानाशी न्यायची आणि मधल्या बोटाच्या नखानं तिच्यावर टिचकी मारायची. चांगली लोकर एकच स्वच्छ आवाज देते. कच्ची लोकर आतल्या आत बारीक कडकडते, वाळका पाला चुरगाळावा तशी. हा फरक कळायला मला दीड वर्ष लागलं. अण्णांना तो कळायला काही लागलं असेल असं वाटत नाही. मंठाळच्या धनगराच्या घरात ते जन्मले होते. मेंढरं आणि घोंगड्या यांच्यातच त्यांचं लहानपण गेलं होतं.

बीदर शहराबाहेर, जांभ्या दगडाच्या लाल माळावर आमचं लोकर संशोधनाचं एक उपकेंद्र होतं. मेंढ्यांची दोन शेडं, खुराकाचं गोदाम, एक लांबट प्रयोगशाळा आणि चार खोल्यांचं ऑफिस. आपल्याकडच्या मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडी होते, पण अंगाला टोचते. बाहेरच्या जातीच्या मेंढ्याशी तिचा संकर केला तर पुढच्या पिढीची लोकर बारीक आणि मऊ होईल का, एवढाच आमच्या संशोधनाचा प्रश्न होता. म्हणून एका शेडात देशी मेंढ्या होत्या आणि दुसऱ्यात संकरित. मी तिथं तात्पुरता संशोधन सहायक म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. अण्णा पंचेचाळिशीचे असतील. प्रयोगशाळेत ते अकरा वर्षं रोजंदारीवर होते आणि कायम होणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव येईल म्हणून वाट बघत होते.

पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी माझे हात पुढं करायला लावले आणि वाकून वास घेतला.

"डोस्क्याला तेल लावलाव?"

मी म्हणालो, थोडंसं.

"मग आज कशालाच हात लावू नका. उद्या साबणानं धुऊन या."

तेलाचा हात लागला की नमुना खराब होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी एम.एस्सी. झालेला मी, सातवी शिकलेल्या माणसाच्या हुकमानं, खिशात हात घालून संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

अण्णांचा कुणावरच विश्वास नसे. कंडक्टरनं दिलेलं तिकीट ते वरून खाली आणि खालून वर वाचत. रेडिओवर पावसाचा अंदाज लागला की खिडकीशी जाऊन आभाळ बघत आणि मगच परत येऊन बसत. ऑफिसबाहेरचा चहावाला एकदा सहज म्हणाला, "ताजा हाय अण्णा." अण्णांनी कप खाली ठेवला. "कामून सांगायलास? म्या ईचारलो का?" त्या दिवशी ते चहा प्यायले नाहीत. चहावाला पुढं कित्येक दिवस त्यांना कप देताना तोंड घट्ट मिटून देई आणि आम्ही हसत असू. कमलनगरकडचा व्यापारी लोकरीची पोती घेऊन आला की अण्णा पोतं उलटं करून बुडातून उसवत. तोंडाशी चांगली लोकर ठेवलेली असणारच, हे त्यांनी धरलेलं असे. तो बिचारा म्हणे, अण्णा, बारा वर्षं येतोय मी. अण्णा म्हणत, म्हणून तर.

लोकरीची जाडी मोजायचं आमचं यंत्र साधं होतं. बारीक कातरलेले केस काचेवर घ्यायचे, दिवा लावायचा, की केसाची मोठी सावली गोल पडद्यावर पडे. पट्टीनं ती सावली मोजायची. एका नमुन्यात शेकडो केस. अण्णा ते सगळे मोजून झाले की शेवटाकडून पहिल्याकडं पुन्हा मोजत. मी विचारलं, असं उलटं का? "पहिल्या येळंला डोळा शिकतो," ते म्हणाले. "दुसऱ्या येळंला त्याला जे पायजे तेच बघतो. म्हणून त्याला उलटं न्यायचं." मोजमापातल्या चुकीबद्दल मी पुढं बरंच वाचलं आणि बरंच शिकवलं; याच्यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

आणखी एक सवय होती. प्रत्येक नमुन्यातली एक बट ते बाजूला काढत, तिला लाल दोरा बांधत, मेंढीचा नंबर चिठ्ठीवर लिहीत आणि बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. नमुन्यांचं कपाट कुलपात असताना हे कशाला, असं मी म्हटलं. "कुलूप हाय म्हंजे किल्ली हाय. एक किल्ली आपल्याला म्हाईत असती, सायब."

माझीही त्यांनी परीक्षा घेतली, पण ती मला नंतर कळली. एकाच मेंढीची लोकर दोन वेगवेगळ्या नंबरांनी त्यांनी माझ्याकडं मोजायला दिली होती, आठ दिवसांच्या अंतरानं. माझे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. तीन आठवडे ते काही बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांनी आपल्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढं ठेवली, वर शेंगाची चटणी, आणि म्हणाले, "तुमी मोजताव ते खरं मोजताव." त्या दिवसापासून माझं पोतं त्यांनी उसवलं नाही. इथून पुढं जे लिहायचं आहे ते मी चौदा वर्षं लिहिलेलं नाही.

बाजार मोकळा झाल्यावर बाहेरची मऊ लोकर सहज मिळू लागली होती. गिरण्यांना आमच्या भरड लोकरीचं काही पडलं नव्हतं. कोणती केंद्रं ठेवायची आणि कोणती बंद करायची, याची पत्रं वरून येत. आमचे मोठे साहेब ती पत्रं वाचून टेबलावर पालथी घालत. त्याच सुमारास एका उन्हाळ्यात खुराकाची गाडी महिनाभर उशिरा आली. देशी मेंढ्यांनी कशीबशी वेळ काढली. संकरित मेंढ्या मात्र पार खंगल्या. कातरणी झाली, आम्ही लोकर मोजली, आणि संकरित लोकर आदल्या वर्षीपेक्षा चांगलीच बारीक निघाली. साहेबांनी आकडे दोनदा बघितले. मग मला खुर्ची दिली. पुढच्या वर्षी हाच आकडा टिकला तर केंद्र टिकलं, आणि केंद्र टिकलं तर तुम्हीही टिकलात, असं ते म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत. त्यांनी मला काही करायला सांगितलं, असं मी कधीही म्हणणार नाही.

मेंढी उपाशी राहिली की तिची लोकर बारीक होते. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर मी टीप लिहिली होती.

रोज सकाळी अण्णा गोदामाचं कुलूप उघडून देत आणि प्रयोगशाळेत जात. करडीची पेंड मापून दोन्ही शेडांना पाठवायचं काम माझं होतं. पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी, कातरणीला तीन महिने असताना, मी संकरित शेडाचं माप अर्ध्यावर आणलं आणि उरलेली पेंड देशी शेडात टाकायला लावली. गोदामातला साठा त्यामुळं बरोबर जुळत राहिला. खुराक टाकणाऱ्या बाईनं एकदा विचारलं, मी म्हणालो, प्रयोग आहे. संशोधनाच्या जागी या शब्दापुढं कुणी काही विचारत नाही.

लोकर बारीक आली. साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. आणि एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, अण्णांनी मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. मेजावर त्यांनी काळं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर लाल दोऱ्याच्या दोन बटा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक देशी शेडातली, एक संकरित शेडातली.

लोकर केसासारखी मुळाकडून वाढते. बटेचं टोक म्हणजे काही महिन्यांपूर्वीचा काळ आणि मूळ म्हणजे कातरणीच्या अगदी आधीचे दिवस. मेंढीनं कधी काय खाल्लं ते सगळं त्या बोटभर लांबीत असतं. देशी बट टोकापासून मुळापर्यंत कुठंच निमुळती नव्हती. संकरित बट मध्यापासून निमुळती होत गेली होती, आणि तीही एकाएकी.

"हितनं हितवर पोटभर खाल्ली," अण्णा नख फिरवत म्हणाले. "हितनं खाली उपास. आकडा खोटा न्हाई सायब. तुमी मोजलाव, म्याबी मोजलो. लोकर बारीक झालीया, पर जातीनं न्हाई. उपासानं झालीया."

मी म्हणालो, यंदा उन्हाळा कडक होता.

"उन्हाळा एकाच शेडात आलता व्हय?"

त्यांनी ती बट माझ्या कानाशी धरली आणि टिचकी मारली. तो कडकडणारा आवाज तोपर्यंत मला ओळखता येऊ लागला होता.

मग त्यांनी बोटांवर एकेक माणूस घेतला. ड्रायव्हर पेंड विकतो का. राखणदाराचा मेहुणा दूध घालतो, त्याच्याकडं जाते का. खुराक टाकणारी बाई. मोठे साहेबसुद्धा सुटले नाहीत. माझं नाव आलं नाही. शेवटी त्यांनी तो बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला. आपण यादी येईपर्यंत रोजंदारीवरचे, आपलं कुणी ऐकणार नाही, तुम्ही साहेबांशी बोला, असं त्यांचं म्हणणं होतं. "तुमच्याजवळ ठेवा. हितं दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

भरवसा हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. डबा मी घरी नेला.

साहेबांशी मी बोललो नाही. माप वाढवलंही नाही. कातरणीनंतर एकाएकी वाढवलं तर कुणाच्या लक्षात येईल, अशी भीती वाटली. आठ-दहा दिवसांत संकरित शेडातल्या चोवीस मेंढ्यांपैकी दोन मेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी त्या फाडल्या. पोटात नुसता कडबा होता आणि अंगात चरबीचा पत्ता नव्हता. वरून चौकशीला तिघे आले. खुराक टाकणाऱ्या बाईला कुणी काही विचारलंच नाही.

त्यांनी मला विचारलं, गोदामाची किल्ली कुणाकडं असते? मी म्हणालो, बिरप्पांकडं. त्यांच्या घरी मेंढरं आहेत का? भावाची आहेत, मी म्हणालो. दोन्ही उत्तरं खरी होती.

अण्णांना आत बोलावलं तेव्हा मी तिथंच बसलो होतो. खुराक कुणीतरी खातंय हे मीच आधी ओळखलं, पुरावा आहे, असं ते म्हणाले. कुठाय पुरावा? त्यांनी माझ्याकडं बोट केलं. डबा सायबाकडं हाय.

मी म्हणालो, "कोणता डबा, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी जीप मंठाळला गेली. मल्लप्पा म्हणजे अण्णांचा थोरला भाऊ. दोघांचं घर आणि कळप एकत्र होता. त्या वर्षी त्यांची मेंढरं नेमकी अंगानं भरलेली होती. सगळं गाव जमलेलं असताना चौकशीवाल्यांनी मेंढरांची तोंडं उघडून बघितली, लेंड्या फोडून बघितल्या, घरातली मडकी उपडी केली. पेंड कुठंच मिळाली नाही. पण न मिळण्यानं काही होत नाही. जीप येऊन गेली होती. मल्लप्पानं त्याच आठवड्यात कळप वाटून घेतला आणि भावाशी बोलणं टाकलं. सरकारी पेंड चोरून माझ्या मेंढरांना बट्टा लावला, असं तो बाजारात सांगत असे.

अण्णांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कायम होणाऱ्यांची यादी तीन महिन्यांनी आली. त्यांच्या नावावर शाईची रेघ होती.

डबा मी घरच्या अंगणात, भर दुपारी, रॉकेल टाकून जाळला. लोकर पेटत नाही नीट, ती आकसत जाते आणि केस जळल्यासारखी घाण येते. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, काय जळतंय हो? मी म्हणालो, जुनी उशी.

आमचा अहवाल गाजला. संकरित एडके मंठाळच्या आसपास वाटले गेले. पोटभर खाणाऱ्या त्यांच्या पिल्लांची लोकर होती तशीच राठ निघाली आणि पावसाळ्यात कित्येकांचे खूर सडले. केंद्र शेवटी बंद पडलंच. तोपर्यंत त्या अहवालाच्या जोरावर मी गुलबर्ग्याला कॉलेजात कायम झालो होतो. दरवर्षी उपाशी लोकरीचा धडा आला की मी काळं फडकं अंथरून दोन बटा ठेवत असे आणि नख फिरवून सांगत असे, इथून इथवर पोटभर, इथून खाली उपास. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, सर, हे असं बघायचं कुणी शोधलं? मी म्हणालो, पुस्तकात आहे. ती म्हणाली, पुस्तकात तर नाही. त्या रविवारी मी मंठाळची बस धरली.

अण्णा अंगणात घोंगडीवर चिंचोक्याची खळ चोळत बसले होते. मधली आठ-नऊ वर्षं हैदराबादला एका इमारतीवर वॉचमन म्हणून काढून ते परतले होते. त्यांनी मला ओळखलं. बायको पाणी घेऊन आली, तर तिला हातानं थांबवलं. "आदी काय सांगायलेत ते ऐकू दे."

मी सगळं सांगितलं. माप, शेड, डबा. सांगताना मी त्यांच्या हातांकडं बघत होतो. ते खळीनं पांढरे झालेले हात चालत होते, आणि एका ठिकाणी थांबले.

"उरलेली पेंड कुठं गेली?"

"देशी शेडात टाकली."

अण्णांनी हात फडक्याला पुसले. "ते माझ्या ध्यानात आलं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "देशी बट मुळाकडं नेहमीपरीस जाड व्हती. बघितलो व्हतो म्या." मग त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "मला वाटलं, तुमी सायबाला भिऊन गप बसलाव. चोर ड्रायव्हरच हाय, असं धरून बसलो. चौदा वर्सं. मागल्या साली मेला तो. म्या मयताला गेलो न्हाई."

मी माफी मागू लागलो. त्यांनी मान हलवली. "मला नगं. मल्लप्पाला सांगा."

मल्लप्पाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. कळप केव्हाच विकला गेला होता, मुलं पुण्याला बिगारीवर होती. म्हातारा ओट्यावर बसला होता. अण्णा अंगणाच्या कडेला, उन्हात उभे राहिले; चौदा वर्षांत ते पहिल्यांदाच तिथं आले होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. मल्लप्पानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग माझ्या बुटांकडं आणि बॅगेकडं बघितलं.

"इतक्या वर्सांनी सांगायलाव. कामून?"

त्यानं उन्हात उभ्या अण्णांकडं बोट केलं.

"ह्योच शिकवून आणलाय तुमाला," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

परतताना अण्णा पुढं चालत होते. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. पण फाट्याजवळ आल्यावर ते म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. म्याबी हेच ईचारलो असतो." आणि थोड्या वेळानं, "लिवून द्या. खाली सही करा. माफीबिफी लिवू नका, ती कुणीबी लिवतंय. कोणत्या शेडात किती मेंढ्या, किती दिवस, किती माप कमी, ते लिवा. ते वाचलं तर मानंल तो."

बस आली. मी चढलो, खिडकीत बसलो. हात वर करावा असं मनात आलं, पण केला नाही. अण्णा फाट्यावर, डोळ्यांवर तळवा धरून, बस वळेपर्यंत उभे होते. ते मी त्यांना शेवटचं बघितलं.

तो कागद लिहायला मला महिना लागला. चार वेळा फाडला. शेवटी एका पानात बसला: संकरित शेड, मेंढ्या बावीस, रोजचं माप अर्धं, कातरणीपर्यंत तीन महिने आणि नंतर दहा दिवस, उरलेली पेंड देशी शेडात, हे सर्व मी केलं, बिरप्पा यांना माहीत नव्हतं. खाली सही. अण्णांच्या नावानं रजिस्टरनं पाठवला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत माझाच कागद होता. बावीस या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता, आणि समासात अण्णांचं ते सरळ, आकडे लिहून घडलेलं अक्षर:

"चोवीस. मेलेल्या दोन धरल्या नाहीत. पुन्हा लिहून पाठवा."